काकांचा प्रोजेक्टर, ३१ डबे आणि आंबट वास

पिंपळपान (शनिवार, रात्री ९:१०)

मागच्या महिन्यात गिरगावातली काकांची खोली रिकामी केली. काका मर्चंट नेव्हीत होते. लग्न केलं नाही, पण सिनेमाचा नाद जबरदस्त. माळ्यावरून १६ एमएमचा प्रोजेक्टर निघाला. अमेरिकन आहे, पाटीवर ११० व्होल्ट, ६० सायकल, ७५० वॉट असं कोरलंय. सोबत घडीचा पडदा आणि फिल्मचे ३१ डबे. त्यातले १९ मोठे, पत्र्याचे, १६ एमएमचे. त्यात लॉरेल-हार्डीची काही रिळं आहेत, खोक्यावर ब्लॅकहॉक फिल्म्स, आयोवा असा शिक्का. बाकीच्या १२ छोट्या पिवळ्या डब्या, ८ एमएमच्या. त्या काकांनी स्वतः काढलेल्या असाव्यात, कारण झाकणांवर पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात तारखा आहेत.

मोठ्या डब्यांपैकी चार उघडले आणि नाकात व्हिनेगर गेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं. हे चार फेकून द्यायचे का? बाकीचे प्रोजेक्टरवर चढवून बघितले तर चालतील का? धाकटा भाऊ म्हणतो, सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर घे आणि लोखंड भंगारात दे. मला मात्र ते पडद्यावर बघायचंय. लहानपणी काका सुट्टीवर आले की शनिवारी रात्री चाळीच्या गॅलरीत पडदा लागायचा. त्या यंत्राचा खर्र आवाज अजून कानात आहे. इथे कोणी घरी अशा फिल्म्स चालवतं का?

कोकणकडा (शनिवार, रात्री ९:३४)

भावाशी सहमत. एकदा नीट स्कॅन झालं की घरातल्या टीव्हीवर मोठं आणि स्वच्छ दिसेल. ६० वर्षांपूर्वीचं यंत्र, ६० वर्षांपूर्वीची वायर. कशाला धोका?

जुनाबाजार (शनिवार, रात्री ९:४१)

पिंपळपानताई, आधी एक सांगा. प्लग लावलेला नाही ना? लावला नसेल तर अजिबात लावू नका. पाटीवर ११० व्होल्ट आहे, आपल्या २३० वर सरळ लावलात तर ७५० वॉटचा दिवा एका क्षणात जाईल आणि तो दिवा आता सहजी मिळत नाही. सविस्तर उद्या लिहितो.

खिडकीजवळची (शनिवार, रात्री १०:१५)

गॅलरीत पडदा! आमच्या वाडीत गणपतीत रस्त्यावर पांढरी चादर बांधून १६ एमएमचा सिनेमा लागायचा. समोरची जागा मोठ्यांना. आम्ही पोरं चादरीच्या मागे बसायचो. तिथून चित्र अगदी स्पष्ट दिसायचं, फक्त उलटं. हिरो डाव्या हाताने तलवार चालवायचा, श्रेयनामावली आरशातल्यासारखी. मी ती उलटी अक्षरं भराभर वाचायला शिकले होते. पुढे कॉलेजात तोच सिनेमा थिएटरात बघितला, तर सगळे चुकीच्या हाताने लढतायत असं वाटत राहिलं :)

रसायनी (रविवार, सकाळी ७:५०)

वासाबद्दल. याला व्हिनेगर सिंड्रोमच म्हणतात. फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. आणि वाईट गोष्ट अशी की तेच आम्ल उरलेल्या फिल्मचं विघटन आणखी वेगाने करतं. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते कोंडून राहतं आणि गंज असेल तर भर पडते. मग फिल्म आखडते, कडा वाकतात, ठिसूळ होते, शेवटी वरचा चित्राचा थर सुटायला लागतो.

हा रोग जगासमोर आला त्यात आपला वाटा आहे. ट्रायॲसेटेट, म्हणजे ॲसिटेटचाच एक प्रकार, त्याची फिल्म १९४८ साली बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आतच, ती अशी सडते ही पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडून. आपल्या हवेत साठवलेली रिळं होती ती. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या ॲसिटेट फिल्मला आंबायला लागायला साधारण ४० वर्षं लागतात. गिरगावच्या माळ्यावर पत्र्याखाली किती लागतील याचा अंदाज करा.

आज करायचं काम असं. वास येणारे चार डबे बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा, कारण आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. झाकणं सैल करा. आत डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तर काढून टाका. आणि फेकू नका. वास येणं म्हणजे मेलेली फिल्म नव्हे. बऱ्याच वास येणाऱ्या फिल्म्स अजून स्कॅन होतात.

भातुकली (रविवार, सकाळी ९:०५)

या फिल्म्स पेट घेतात ना? घरात ठेवायला भीती नाही का? पुण्याला आग लागली होती असं वाचलंय.

रसायनी (रविवार, सकाळी ९:२२)

@भातुकली, जानेवारी २००३ ला पुण्यात जळल्या त्या नायट्रेट पायाच्या ज्वालाग्राही फिल्म्स, ३५ एमएमच्या, मूकपट आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातल्या. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. पण घरगुती वापरासाठी काढलेली १६ आणि ८ एमएम कोडॅकने पहिल्यापासून सेफ्टी, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटच्या पायावरच बनवली, कारण घरात नायट्रेट नको हा हेतूच होता. १६ एमएम १९२३ ला आली ती तशीच. ताईंनी पट्टीची कड उजेडात धरली तर 'सेफ्टी' असं छापलेलं दिसेल.

जुनाबाजार (रविवार, दुपारी १:३०)

आता सविस्तर. मी पुण्यात दर रविवारी जुन्या बाजारात असतो आणि गेल्या पंधरा वर्षांत सात प्रोजेक्टर घरी आणलेत. त्यातले चार चालतात.

प्लग न लावता बाजूची हाताने फिरवायची मूठ हळू फिरवा. सगळं सहज फिरलं पाहिजे. अडकलं तर जोर लावू नका. ३०-४० वर्षांत आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि रबराचे पट्टे चिकट काळ्या डांबरासारखे होतात. ते ग्रीस काढून नवं भरल्याशिवाय मोटर लावली तर दाते तुटतात. प्लास्टिकचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचं चाक) असेल तर त्याला भेग गेलीय का टॉर्च लावून बघा.

व्होल्टेजसाठी निदान १५०० व्हीए क्षमतेचा स्टेपडाउन, म्हणजे २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. दिवा ७५० आणि मोटर, ॲम्प्लिफायर वेगळे, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मर तापतो. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, सायकल, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, नाही. अमेरिकेत वीज ६० सायकलची, आपली ५०. आत इंडक्शन मोटर असेल तर ती आपल्याकडे सहाव्या हिश्शाने मंद फिरते. सेकंदाला २४ च्या जागी २० फ्रेम, आणि बोलपटात बायका पुरुषी आवाजात गायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे ५० सायकलची पुली बसवणं. ब्रशवाली मोटर आणि गव्हर्नर (वेग कायम राखणारा भाग) असेल तर काही करावं लागत नाही. काकांनी हा प्रोजेक्टर मुंबईत चालवलाय, तेव्हा पुली बदललेली असण्याचीच शक्यता जास्त. आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मरही माळ्यावरच असेल. शोधा, वीट असावी तसा जड डबा.

पहिल्यांदा फिल्म न लावता नुसती मोटर दहा मिनिटं. मग दिवा. मग कामाची नसलेली एखादी पट्टी. लॉरेल-हार्डी सगळ्यात शेवटी.

गेट, म्हणजे जिथे चित्र क्षणभर थांबतं ती खिडकी, मऊ ब्रशने साफ करा. तिथे सुईसारखं काही घालू नका. गेटला एक ओरखडा पडला तर पुढच्या प्रत्येक रिळावर शेवटपर्यंत उभी रेघ उमटते.

पिंपळपान (रविवार, दुपारी ३:१५)

वीट सापडली! आम्ही ती दाराला अडसर म्हणून लावत होतो. खाली काकांच्या अक्षरात 'प्रो.' लिहिलंय.

मिरजमळा (रविवार, सायंकाळी ५:४०)

धाग्यावरून जत्रेतला तंबू आठवला. आमच्याकडे जत्रेला टुरिंग टॉकीज यायचं, ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवलेला. दर रिळानंतर दिवे लागायचे आणि शेंगदाण्यावाला तेवढ्यात फेरी मारायचा. ते १६ एमएमच होतं ना?

जुनाबाजार (रविवार, सायंकाळी ६:०२)

नाही हो, तंबूत बहुतेक ३५ एमएम. ट्रकभर पसारा लागायचा तो त्यामुळेच. १६ एमएम शाळा, वाडी, सरकारी प्रचाराची गाडी आणि फिल्म सोसायट्या यांचं.

तिसरी घंटा (रविवार, रात्री ८:४८)

फिल्म सोसायटीचं नाव निघालं म्हणून लिहितो. सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीत सोसायटी चालवायचो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या वितरण विभागातून १६ एमएमच्या प्रिंट्स यायच्या. संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी ती सोय उभी केली नसती तर आमच्यासारख्या गावांना जगाचा सिनेमा दिसलाच नसता. मी पेटी आणायला एसटी स्टँडवर जायचो. १६०० फुटांचं एक रीळ ४४ मिनिटं चालतं. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच, त्यामुळे दर ४४ मिनिटांनी दिवे लागायचे आणि मी रीळ बदलेपर्यंत लोक हिरिरीने भांडायचे. खरी चर्चा त्या चार मिनिटांत व्हायची. शेवटी ठेवलेल्या चर्चासत्रात नाही.

ताई, तुमचा हट्ट नाही. ही पट्टी प्रकाशातून जाण्यासाठीच छापलेली आहे. डब्यात सांभाळलेली फिल्म म्हणजे न उघडलेलं पत्र. नायरसाहेबांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे जमवले ते पुरून ठेवण्यासाठी नव्हे.

रसायनी (रविवार, रात्री ९:३०)

तिसरी घंटा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी ठाम विरोध करते. सोसायटीत यायची ती प्रिंट होती. तिची दुसरी प्रत कुठेतरी होती, मूळ निगेटिव्ह होतं. त्या १२ पिवळ्या डब्या तशा नाहीत. घरगुती ८ एमएम बहुतेक वेळा रिव्हर्सल फिल्म असते, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली तीच पट्टी धुतल्यावर पडद्यावर दाखवायची. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. काका कॅमेऱ्यामागे उभे असताना जो प्रकाश आत आला तो याच पट्टीवर पडला. एक दाता चुकला, पंधरा फ्रेम फाटल्या, तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

दुसरं म्हणजे त्या कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत रिव्हर्सल फिल्म, असतील तर त्यांचे रंग अंधारात दशकानुदशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात उडतात. प्रत्येक खेळात थोडे. म्हणून आधी स्कॅन, मग खेळ. उलट क्रम नको.

कोकणकडा (रविवार, रात्री ९:५१)

म्हणजे मी म्हणत होतो तेच. स्कॅन.

रसायनी (रविवार, रात्री ९:५८)

स्कॅन हो, भंगार नाही. स्कॅन झाल्यावर मूळ फिल्म ठेवायचीच. हार्ड डिस्क दहा वर्षांत जाते. काकांच्या डब्यांना साठ वर्षं झाली आणि त्या अजून उघडतायत.

गच्ची (सोमवार, सकाळी ११:२०)

स्कॅनबद्दल माझा अनुभव, म्हणजे ताईंच्या बाबतीत तसं होऊ नये. वडिलांच्या २२ डब्या एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी प्रोजेक्टर भिंतीवर लावून समोर व्हिडिओ कॅमेरा ठेवला. चित्र लुकलुकतं, मध्ये पांढरं आणि कडांना काळं. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी सोयीसाठी सगळ्या पट्ट्या जोडून दोन मोठी रिळं केली आणि डब्या टाकून दिल्या. वडिलांनी प्रत्येक डबीवर गाव, साल, माणसांची नावं लिहिली होती. आज चेहरे आहेत, पण कोण, कुठे, कधी हे सांगणारं कोणी नाही. रडले होते मी.

तेव्हा देण्याआधी प्रत्येक डबीचा सहा बाजूंनी फोटो काढा. क्रमांक घाला. फ्रेम-दर-फ्रेम स्कॅन होतं का ते विचारा. आणि फाइल सेकंदाला किती फ्रेमने बनवणार हे विचारा. जुन्या ८ एमएमचा वेग १६ असतो. २५ ने बनवली की सगळी माणसं धावत सुटतात.

धुक्यातला पुणेकर (सोमवार, दुपारी ४:३५)

बर्मिंगहॅमहून लिहितोय. इथे माझ्या घरी सुमारे २०० प्रिंट्स आहेत, बहुतेक सुपर ८. जवळच डडलीला डेरॅन नावाची कंपनी होती, घरी दाखवायला सिनेमांच्या सुपर ८ प्रिंट्स छापून विकायची. व्हीसीआर आल्यावरही त्यांनी हे काम कित्येक वर्षं जिवंत ठेवलं. व्हिडिओच्या आधी लोकांना घरी सिनेमा हवा असेल तर अख्ख्या सिनेमातून काढलेलं २०० फुटांचं रीळ मिळायचं. २४ च्या वेगाने बरोबर दहा मिनिटं. दोन तासांची गोष्ट दहा मिनिटांत कशी बसवली आहे हे बघणं हा माझा आवडता छंद. चांगल्या संकलकाचा हात ओळखू येतो.

पिंपळपान, १९ मोठ्यांपैकी रंगीत किती? १९८२-८३ च्या आधीच्या ईस्टमनकलर (कोडॅकच्याच रंगीत फिल्मवरच्या) प्रिंट्समधला निळसर हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी होतं. गुलाबी झालेलं पुन्हा मूळ रंगात येत नाही, स्कॅनमध्ये थोडंफार सावरता येतं. कृष्णधवल असतील तर मात्र निश्चिंत. ब्लॅकहॉकच्या कृष्णधवल प्रिंट्स बघण्यासारख्या असतात. माझ्याकडच्या एका रिळातले काळे रंग असे गडद आहेत की टीव्हीवर ते मी कधीच पाहिलेले नाहीत. पडद्यावर काळा म्हणजे प्रकाश अडवलेला, टीव्हीवर काळा म्हणजे काच. फरक डोळ्यांना कळतो.

भातुकली (सोमवार, दुपारी ४:५०)

८ आणि सुपर ८ वेगळे का? रुंदी तर एकच ना?

धुक्यातला पुणेकर (सोमवार, सायंकाळी ५:१०)

रुंदी एकच, भोकं वेगळी. साधी ८ एमएम १९३२ ची. खरं तर ती १६ एमएमची पट्टी, दुप्पट भोकं पाडलेली. कॅमेऱ्यात २५ फूट एका बाजूने अर्ध्या रुंदीवर चित्रित करायचे, मग रीळ बाहेर काढून उलटं लावायचं आणि दुसऱ्या अर्ध्या रुंदीवर पुढचे २५. धुतल्यावर प्रयोगशाळा ती मधोमध उभी चिरून दोन तुकडे जोडायची, झाले ५० फूट. सुपर ८ आली १९६५ ला, काडतुसात भरलेली, उलटायची कटकट नाही. भोकं लहान केल्यामुळे चित्राला जवळपास दीडपट जागा मिळाली.

साधी ८ सुपर ८ च्या प्रोजेक्टरवर कधीही चढवू नका. दाते भोकांत बसत नाहीत, पट्टी फाटते.

पिंपळपान (बुधवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुट्टी काढून सगळे डबे गॅलरीत मांडले. गच्ची यांनी सांगितल्याप्रमाणे फोटो काढले, क्रमांक घातले. चार आंबट डबे मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेत. बाकी १५ मधले नऊ कृष्णधवल, सहा रंगीत, आणि त्या सहांपैकी पाच खरंच गुलाबी. नायिकेचे केस गुलाबी, समुद्र गुलाबी.

पण १६ एमएमची फिल्म आखडली आहे का हे घरी कसं कळेल? नुसतं बघून मला तरी सारखंच वाटतं.

रसायनी (बुधवार, रात्री १०:४४)

सोपं आहे. टेबलावर स्टीलची मोजपट्टी ठेवा. १६ एमएम प्रिंटची दोन भोकांमधली चाल ७.६२ मिमी. म्हणजे न आखडलेल्या पट्टीवर १०० भोकांची लांबी ७६२ मिमी भरते. पट्टी ताणू नका, सपाट ठेवा, कापडी हातमोजे घाला. ७५४ च्या खाली आली तर एक टक्क्याहून जास्त आखडली. ती प्रोजेक्टरवर नको.

जुनाबाजार (बुधवार, रात्री ११:०१)

आणि फिल्म चढवताना गेटच्या वर आणि खाली लूप, म्हणजे पट्टीचा सैल बाक, सोडायला विसरू नका. गेटमध्ये पट्टी झटक्याझटक्याने सरकते आणि दात्यांच्या चाकावर सलग फिरते. मधला झटका लूप पोटात घेतो. लूप संपला की चित्र थरथरतं आणि भोकं फाटतात. त्या क्षणी मोटर बंद. बोलपटात खालचा लूप मापाचाच हवा, कारण आवाजाची पट्टी चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेली असते. लूप मोठा झाला की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

तिसरी घंटा (गुरुवार, सकाळी ८:१५)

रसायनी, मी रात्रभर तुमच्या प्रतिसादाचा विचार केला. प्रिंट आणि एकमेव पट्टी यांतला फरक मी धरलाच नव्हता. पिवळ्या डब्यांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. आधी स्कॅन. पण नंतर एकदा तरी पडद्यावर, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस जिवंत असताना. एवढ्यावर मी अडून बसणार.

भातुकली (गुरुवार, सकाळी ९:४०)

वाडीत किंवा सोसायटीत सगळ्यांना बोलावून लॉरेल-हार्डी दाखवलं तर चालेल का? हक्कांचं काय?

तिसरी घंटा (गुरुवार, सकाळी १०:०५)

रीळ विकत घेतलं म्हणजे सिनेमाचा हक्क विकत घेतला असं होत नाही. घरच्या माणसांत बघा, खुशाल. जाहीर खेळ, मग तिकीट असो वा नसो, हक्कधारकाला विचारून. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. काकांनी स्वतः काढलेल्या पट्ट्यांचा प्रश्न नाही, त्या घरच्याच.

पिंपळपान (पुढच्या आठवड्यात, रविवार, रात्री ११:२०)

झोप येत नाहीये, म्हणून आत्ताच लिहिते.

मोजमाप झालं. नऊ कृष्णधवलांपैकी सात ७५६ ते ७६० मध्ये भरली. दोन ७५१. ती दोन बाजूला. आंबट चारपैकी एक इतकी वाकलीय की मोजपट्टीवर सपाट बसतच नाही. पिवळ्या १२ डब्या फ्रेम-दर-फ्रेम स्कॅन होऊन परत आल्या, डब्यांसकट, १६ च्या वेगाने. खरंच कोडाक्रोम निघाल्या. काका फिल्म परदेशात विकत घ्यायचे आणि धुवायलाही तिकडेच द्यायचे, हे डबीतल्या चिठ्ठीवरून कळलं.

जुनाबाजार आज पुण्याहून स्वतःचा ८ एमएमचा प्रोजेक्टर घेऊन आमच्याकडे ठाण्याला आले. याचे आभार कसे मानू कळत नाही. आत्याला आणलं होतं. ती ८५ वर्षांची आहे, काकांची धाकटी बहीण. तिला स्कॅन आधी भावाने टीव्हीवर दाखवलं होतं. ती बघून 'छान आहे हो' म्हणाली आणि चहाचं विचारायला लागली. म्हणून मला आज फार अपेक्षा नव्हती.

क्रमांक ३ ची डबी लावली, झाकणावर फक्त '६१-६२'. पडदा काकांचाच. दिवे घालवले, खर्र सुरू झालं आणि आत्या खुर्चीत सरळ झाली. पहिला अर्धा भाग तिचं लग्न, १९६१. चाळीच्या चौकात मांडव, हिरवा शालू, आणि तो हिरवा असा की काल विणलेला वाटावा. मग मध्येच सगळं पांढरं, एक-दीड सेकंद. आणि पांढऱ्यातून बाहेर आलं ते बारसं. त्याच चौकात, त्याच खांबापाशी, आत्या पाळण्याशी.

मी स्कॅन चार वेळा बघितलं होतं, पण ते पांढरं म्हणजे खराब झालेला तुकडा समजत होते. जुनाबाजारांनी सांगितलं, हीच ती उलटायची जागा. २५ फूट संपल्यावर काकांनी रीळ बाहेर काढून फिरवलं, तेव्हा कडेने उजेड शिरला. म्हणजे लग्नाला अर्धी फिल्म वापरली, सुट्टी संपली, काका बोटीवर गेले. उरलेली अर्धी कॅमेऱ्यातच राहिली, वर्षभर, पुढच्या सुट्टीपर्यंत. आत्याला हे माहीत होतं. म्हणाली, "तो म्हणायचा, तुझ्यासाठी अर्धी राखून ठेवलीय, मुलगी झाली तर लवकर कळव."

मग तिने "थांबव" म्हटलं. थांबवता येत नाही. दिव्यापुढे फ्रेम उभी राहिली तर वितळेल. म्हणून परत गुंडाळून दुसऱ्यांदा लावलं. दुसऱ्या वेळी ती बोलतच राहिली. मांडवाच्या कोपऱ्यातली बाई कोण, तबक कुणाच्या हातात, तो टोपीवाला पुढे कुठे गेला, आजोबा का रुसून बसलेत. चार मिनिटांत तेवीस माणसांची नावं. भावाने मोबाइलवर तिचा आवाज टिपला. तिसऱ्यांदा लावायचं नाही असं मीच ठरवलं. रसायनी, तुमचे रंग लक्षात होते.

रसायनी (रविवार, रात्री ११:४१)

आवाजाची फाइल स्कॅनसोबत जोडून ठेवा. आजच. तीन जागी. वाकलेलं रीळ घरी सरळ करायला जाऊ नका. पुण्याच्या संग्रहालयात विचारून बघा, खाजगी संग्रहातल्या फिल्म्स ते स्वीकारतात.

मी विरोध केला होता. आत्यांनी टीव्हीवर चहाचं विचारलं आणि पडद्यावर तेवीस नावं सांगितली, याला माझ्याकडे उत्तर नाही.

गच्ची (सोमवार, सकाळी ७:१०)

तेवीस नावं. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. माझ्या मावशीला उद्याच फोन करते. ती ८० ची आहे. दोन मोठी रिळं घेऊन तिच्याकडे जाते.

जुनाबाजार (सोमवार, सकाळी ९:३०)

काकांचा १६ एमएमसुद्धा बघून आलो. ग्रीस दगड झालंय, पण वर्म गिअर धातूचा आहे आणि पुली ५० सायकलची बसवलेली आहे, जसं वाटलं होतं तसं. पुढच्या रविवारी उघडू. दिवा जुना आहे, चालू आहे, पण जोडीला दुसरा मिळेपर्यंत एका बैठकीत एकच रीळ. ताई, तोवर कुठेही तेल सोडू नका. विशेषतः गेटपाशी.

कोकणकडा (सोमवार, सकाळी १०:१२)

पुढच्या रविवारी किती वाजता? परकं माणूस चालणार असेल तर विचारतो. आई गिरगावातच वाढली, बहुधा तुमच्या शेजारच्या वाडीत. तिने लॉरेल-हार्डी चाळीच्या गॅलरीत बघितल्याचं ती नेहमी सांगते. आम्हाला वाटायचं थिएटरची गॅलरी.

पिंपळपान (सोमवार, सकाळी १०:२०)

साडेसहा. आईंना नक्की आणा, आत्याही येणार आहे. दिवे घालवल्यावर दार उघडत नाही, तेवढं वेळेवर या.